आधी पाहणी, मग पट्टा

२२ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यासमोरच्या समुद्रात ‘रेव्होल्यूशन विंड’ प्रकल्पाच्या ६५ पवनचक्क्यांपैकी ४५ उभ्या होत्या. सुमारे ८० टक्के काम उरकले होते. त्या दिवशी वॉशिंग्टनहून हुकूम आला की काम थांबवा. ज्या खात्याने तो समुद्रतळ भाडेपट्ट्याने दिला आणि ज्याने बांधकाम मंजूर केले, त्याच खात्याने हा हुकूम काढला होता.

अशा वेळी पवनऊर्जेच्या उत्साही समर्थकांचा एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. अहवाल, सुनावण्या आणि परवाने यांचा फास एकदा विणून ठेवला की कोणीतरी तो आवळणारच, असे ते म्हणतात. कोळशाच्या धुराने जग गुदमरत असताना वाऱ्याची कसली परीक्षा घेता? समुद्राचे पट्टे पाडा, लिलाव करा आणि चक्क्या फिरू द्या. किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांची आणि देवमाशांची रडगाणी नंतर ऐकता येतील.

हा पूर्वपक्ष अगदीच बिनबुडाचा नाही, म्हणून त्याला हसून बाजूला सारता येत नाही. मॅसॅच्युसेट्ससमोरच्या ‘व्हिनयार्ड विंड’चा पट्टा २०१५ च्या लिलावात गेला. बांधकामाचा आराखडा २०१७ च्या अखेरीस दाखल झाला, मंजुरी मे २०२१ मध्ये मिळाली आणि पहिली वीज जानेवारी २०२४ मध्ये किनाऱ्यावर आली. म्हणजे पट्ट्यापासून विजेपर्यंत नऊ वर्षे गेली. तापमानवाढ काही नऊ वर्षे दाराबाहेर ताटकळत उभी राहणार नाही. इथवर समर्थकांचे सगळे मान्य. पण या नऊ वर्षांचे खापर पर्यावरण-परीक्षणावर फोडायचे असेल, तर आधी पुरावा तपासायला हवा.

या पक्षाचा सगळ्यात लाडका दाखला म्हणजे ‘केप विंड’. मॅसॅच्युसेट्सजवळच्या नॅनटकेट साउंडमध्ये १३० पवनचक्क्या उभारण्याचा हा प्रस्ताव २००१ मध्ये आला आणि २०१७ मध्ये त्यावर अखेरचा पडदा पडला. सोळा वर्षांत एक पातेही फिरले नाही. पण इतिहास नीट वाचला तर दिसते, की परीक्षण २००९ मध्येच पुरे झाले होते आणि केंद्र सरकारने एप्रिल २०१० मध्ये मंजुरीही दिली होती. त्यानंतरही कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या. ठरल्या मुदतीत भांडवल उभे राहिले नाही, म्हणून जानेवारी २०१५ मध्ये वीज घेणाऱ्या कंपन्यांनी करार मोडले. मुळातली खोट तर आणखी मागची होती. जागा कंपनीने स्वतः हेरली होती. प्रस्ताव आला तेव्हा समुद्रातल्या वाऱ्यासाठी पट्टा कसा द्यायचा, याचा कायदाच अमेरिकेत नव्हता. तो २००५ मध्ये झाला, आणि परीक्षण अर्ध्या वाटेत एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेले. जिथे केनेडी घराण्याचा वाडा आणि धनिकांच्या शिडाच्या नौका, तिथेच कंपनीने बोट ठेवले. सरकारने आधी समुद्राचा नकाशा हाती घेतला असता, तर ती जागा कदाचित पहिल्याच फेरीत बाद झाली असती. केप विंड बुडाला तो परीक्षण जास्त झाल्याने नव्हे. ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या क्रमाने झाले, हे त्याचे खरे दुखणे.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळू. यांना परीक्षण हवे असते, पण प्रकल्प गाडण्यासाठी. त्यांचे आवडते हत्यार म्हणजे देवमासा. पूर्व किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला रे लागला, की बोट पवनचक्क्यांकडे वळते. पण हंपबॅक देवमाशांच्या असाधारण मृत्यूंची नोंद जानेवारी २०१६ पासूनची आहे, आणि तेव्हा अमेरिकेच्या केंद्रीय हद्दीतल्या समुद्रात एकही पवनचक्की नव्हती. ज्यांची संख्या चारशेच्या आत आली आहे, त्या उत्तर अटलांटिक राइट व्हेलचे मुख्य मारेकरी दोनच आहेत: जहाजांची धडक आणि मासेमारीच्या दोरांत अडकणे. पवनऊर्जेच्या सर्वेक्षणांशी या मृत्यूंचा संबंध जोडणारा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या समुद्र आणि वातावरण विभागाने वारंवार सांगितले आहे. जहाजांच्या वेगाला हात लावायचा नाही आणि पवनचक्कीला सुळावर चढवायचे, याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

गंमत अशी, की या दोन्ही पक्षांचा परीक्षणाबद्दलचा समज एकच आहे. ते म्हणजे खोडा. एकाला तो काढून टाकायचा आहे, दुसऱ्याला घालायचा आहे. परीक्षणाने प्रत्यक्षात काय दिले, हे दोघेही पाहत नाहीत.

व्हिनयार्ड विंडचेच पाहा. राइट व्हेल ज्या काळात त्या पाण्यात असतात, त्या जानेवारी ते एप्रिल महिन्यांत खांब ठोकायचे नाहीत, ही अट पर्यावरण संस्थांशी २०१९ मध्ये झालेल्या करारातून आणि परीक्षणातून आली. ठोकण्याचा आवाज पाण्यात दूरवर जाऊ नये म्हणून भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडणे, जहाजांचा वेग आवरणे, हेही तिथूनच आले. मच्छीमार म्हणाले, चक्क्या वेड्यावाकड्या रोवल्या तर धुक्यात आमच्या बोटी त्यांच्यातून काढायच्या कशा? अखेर न्यू इंग्लंडच्या पट्टेधारकांनी सगळ्या चक्क्या एकमेकींपासून एक सागरी मैल अंतरावर, सरळ रांगांत उभ्या करण्याचे मान्य केले. यातल्या एकाही अटीने प्रकल्प मेला नाही. समुद्रात आधीपासून असलेल्यांना त्यामुळे वाट मिळाली, एवढेच.

मग नऊ वर्षे गेली कुठे? ऑगस्ट २०१९ मध्ये अंतिम अहवाल हाताशी आला असताना सरकारने पुरवणी परीक्षण मागितले. प्रश्न असा होता, की एका प्रकल्पाचे सोडा, शेजारचे सगळे पट्टे विकसित झाले तर मासेमारीचे एकूण काय होईल? हा प्रश्न शंभर टक्के योग्य होता, पण विचारायची वेळ चुकली. २०१५ मध्ये या समुद्राचा पट्टा दीड लाख डॉलरना गेला होता, आणि बाजूच्या दोन तुकड्यांना कोणी विचारलेही नव्हते. २०१८ मध्ये त्याच न विकलेल्या पाण्याचे तीन पट्टे प्रत्येकी साडेतेरा कोटी डॉलरना गेले. एवढा पैसा गुंतल्यावर ‘एकूण परिणाम काय?’ असे विचारणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. एकत्रित परिणामांचा हिशेब पट्ट्याआधी मांडायचा असतो. अमेरिकेच्या पद्धतीची खरी चूक इथे आहे. पट्टा देताना त्रोटक तपासणी होते, आणि सविस्तर परीक्षण पुढे कंपनीचा आराखडा आल्यावर. कायदा म्हणतो, पट्टा म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. पण कोट्यवधी मोजलेली कंपनी आणि जाळे सावरत बसलेला मच्छीमार, दोघांनाही निकाल लागल्यासारखेच वाटते.

आता रेव्होल्यूशन विंडकडे परत येऊ. त्या हुकुमाला महिना झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी तो रोखला. काम पुन्हा सुरू झाले. कंपनी न्यायालयात कशाच्या बळावर उभी राहिली? संरक्षण खात्यासह अनेक खात्यांनी वर्षानुवर्षे तपासून दिलेल्या मंजुरीच्या बळावर. ज्या कागदांना समर्थक फास म्हणतात, त्यांनीच ४५ खांब वाचवले. पाठोपाठ ८ डिसेंबरला दुसऱ्या न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी जानेवारी २०२५ चा, पवनऊर्जेचे सगळे परवाने गोठवणारा आदेशच रद्द केला. त्या आदेशाचे निमित्त काय होते, तर व्यापक पुनर्परीक्षण! परीक्षणाच्या नावाने परीक्षणच बंद ठेवायचे, आणि कारण विचारले तर धड सांगायचे नाही. दोन आठवड्यांत, २२ डिसेंबरला, राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन पाच प्रकल्पांचे पट्टे पुन्हा अडवण्यात आले. पट्टा सहीनिशी हातात असूनही तो कधी हिसकावला जाईल याचा नेम नाही, ही धास्ती गुंतवणूक पळवते. कोणत्याही अहवालाची जाडी तेवढी पळवत नाही.

एवढ्यानेही पटत नसेल, तर ‘परीक्षण नसते तर’ हा प्रयोग आपल्या देशात करून झाला आहे. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या परिशिष्टात औष्णिक, जल आणि अणुवीज आहे. पवनऊर्जेचे नाव नाही. समुद्रातल्या पवनऊर्जेचे धोरण २०१५ मध्ये आले. २०२२ पर्यंत ५,००० आणि २०३० पर्यंत ३०,००० मेगावॅटची उद्दिष्टे जाहीर झाली. पट्ट्यांचे नियम डिसेंबर २०२३ मध्ये निघाले, आणि जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची मदत मंजूर झाली. गुजरात आणि तमिळनाडूसाठी काढलेल्या निविदा प्रतिसादाअभावी २०२५ मध्ये रद्द झाल्या. आजही भारताच्या समुद्रात वीज विकणारी एकही पवनचक्की नाही. इथे कोणत्या देवमाशाने वाट अडवली? समुद्रातली वीज महाग आणि ती घेणारा पक्का नाही, एवढेच खरे कारण. त्याचा उपाय परीक्षण कापून सापडणार नाही.

खंडन झाले, आता मंडन. आपण करायचे काय, याचा धडा नेदरलँड्सने दहा वर्षांपूर्वी घालून दिला. बोर्सेले इथल्या समुद्रासाठी सरकारने जागा स्वतः निवडली. तळाची, वाऱ्याची, लाटांची पाहणी स्वखर्चाने केली. पर्यावरण-परीक्षण आधी उरकले, किनाऱ्यापर्यंतची वीजवाहिनी सरकारी कंपनीकडे दिली, आणि मग निविदा काढली. २०१६ मध्ये पहिल्या दोन भागांची बोली मेगावॅट-तासाला ७२.७ युरो आली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुढच्या दोन भागांची बोली ५४.५ युरोवर उतरली. कंपन्यांचे तंत्र सुधारले होते हे खरे, पण अनिश्चिततेची किंमत बोलीत मिसळावी लागली नाही, हेही तितकेच खरे. परीक्षण आधी केले म्हणून वीज महागली नाही. उलट स्वस्त व्हायला मदत झाली.

भारतासाठी हा क्रम जास्तच गरजेचा आहे. गुजरातची निवडलेली जागा पिपावावसमोर आहे, आणि शेजारी जाफराबाद. तिथली डोल जाळ्यांची मासेमारी बोंबलावर चालते. डोल हे समुद्रात खुंट रोवून, भरती-ओहोटीच्या ओढीत एका जागी बांधायचे जाळे आहे. ट्रॉलरला सांगता येते, जरा पलीकडे जा. डोलीला पलीकडे नसते. ही गोष्ट महाराष्ट्राला शिकवायला नको. एकेका कवीवरून, म्हणजे खुंट रोवण्याच्या जागेवरून, वसई, उत्तन आणि सातपाटीच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षे भांडणे झाली आहेत. मुंबई हायच्या तेलफलाटांभोवती जाता येत नाही, तेलशोधाच्या सर्वेक्षणाच्या दिवसांत जाळी आत घ्यावी लागतात, आणि भरपाईसाठी पालघरचा मच्छीमार उंबरे झिजवतो. तिकडे तमिळनाडूत मन्नारच्या आखातात एकवीस बेटांचे सागरी उद्यान आणि दुर्मीळ डुगाँग. समुद्र किनाऱ्यावरून मोकळा दिसतो. होडीतून तो सातबाऱ्यासारखा भरलेला असतो.

म्हणून नव्या निविदेची जाहिरात छापण्यापूर्वी सरकारने तीन कामे करावीत. एक, पट्ट्याआधी सबंध समुद्रभागाचे एकत्रित परीक्षण, आणि त्यात मच्छीमारांच्या जागांची नोंद. दोन, भरपाई कोणाला, किती आणि किती दिवसांत मिळेल, हे पट्ट्याच्या अटींतच लिहून देणे. तीन, असा तपासून दिलेला पट्टा पुढच्या सरकारला लहर आली म्हणून मोडता येणार नाही, ही कायद्याची हमी. पहिली दोन कामे मच्छीमाराच्या हिताची आहेत, तिसरे कंपनीच्या. पण तिसऱ्याला बळ पहिल्या दोहोंतूनच मिळते, हे ऱ्होड आयलंडच्या खांबांनी न्यायालयात दाखवून दिले आहे.

निविदा पुन्हा निघेल, निघायलाही हवी. त्या वेळी नकाशा दिल्लीत पक्का होण्याआधी जाफराबादच्या तांडेलापुढे पसरला जावा. कुठे खुंट आहेत, हे तो बोट ठेवून दाखवील. पवनचक्की त्या बोटाच्या बाजूला रोवा. मग ती उपटायला सहसा कोणी येणार नाही. आला, तरी त्याला आधी त्या नकाशाला उत्तर द्यावे लागेल.