बाई, फॉर्मवर नंबर लिहू का?

मुलांनो, आज माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते. बाईसुद्धा चुकतात हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल, मला माहीत आहे. वाटू द्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात घडलेली ही गोष्ट. मधली सुट्टी संपली आणि आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा बाकावर डोकं टेकून बसला. (त्याचं नाव मी इथे देणार नाही. का, ते पुढे कळेलच.) हात लावून पाहिला, तर अंग तव्यासारखं तापलेलं. मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन मी त्याच्या आईला फोन लावला. रिंग वाजली आणि कट झाली. पुन्हा लावला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा नुसतीच वाजत राहिली. बाबा कामासाठी नाशिकला गेलेले. मावशी कपाळावर ओल्या रुमालाच्या घड्या ठेवत होत्या आणि तो बिचारा दाराकडे डोळे लावून पडला होता. असा एक तास गेला, दीड तास गेला. शेवटी दुसरीतल्या एका मुलीला न्यायला तिची आजी आली. ती त्यांच्याच इमारतीत राहणारी. तिने आपल्या मोबाइलवरून फोन लावला, तो मात्र पहिल्याच रिंगला उचलला गेला!

आई धावतपळत आली. "बाई, मला वाटलं परत तेच लोक! दिवसाला सात-आठ फोन येतात हो. क्लास लावा, टॅब घ्या, कर्ज घ्या. अनोळखी नंबर दिसला की मी कटच करते." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ते याचं नाव घेऊन बोलतात. चौथीत आहे ना, गणित कसं आहे, असं विचारतात. त्यांना कसं कळतं सगळं?"

घरी जाऊन भाजी निवडताना माझ्या डोक्यात तेच. नाव, इयत्ता, आईचा नंबर. आणि एकदम आठवलं. जूनमध्ये एक तरुण शाळेत आला होता. मोफत चित्रकला स्पर्धा! रंगवायला एक मोर, प्रत्येकाला एक पट्टी बक्षीस, आणि कागदाच्या मागे फॉर्म. मुलाचं नाव, इयत्ता, जन्मतारीख, इमारतीचं नाव, पिनकोड, आईबाबांचे मोबाइल नंबर, बाबा काय करतात. मीच वर्गात उभी राहून सांगितलं होतं, "नंबर पाठ नसेल तर डायरीत बघून लिहा. सुवाच्य अक्षरात हं!" चाळीस फॉर्म भरले. एकाही खाडाखोडीशिवाय. मला किती अभिमान वाटला होता त्या अक्षराचा.

एक कोरा फॉर्म माझ्या खणात उरला होता. दुसऱ्या दिवशी नीट वाचला. तळाला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं होतं की ही माहिती आम्ही आणि आमच्या सहयोगी संस्था आमच्या वस्तूंची माहिती कळवण्यासाठी वापरू. निकाल कधी लागणार ते मात्र कुठेच नव्हतं. तो अजून लागलेला नाही.

मग गणिताचा तास बाजूला ठेवला आणि फळ्यावर तो फॉर्मच काढला. विचारलं, "समजा तुम्ही दुकानदार आहात. यातल्या कुठल्या ओळीचा तुम्हाला काय उपयोग?" पोरं भराभर बोलायला लागली. जन्मतारीख कळली की आठ दिवस आधी केकवाल्याचा फोन. इयत्ता कळली की क्लासवाल्याचा. 400081 म्हणजे मुलुंड पूर्व, मग जवळच्याच शाखेतून बोलतोय म्हणायचं. "इमारतीच्या नावावरून चाळ की टॉवर ते कळतं बाई," एक मुलगी म्हणाली, "मग किती महागाचं विकायचं ते ठरवता येतं." मी गप्पच झाले. हे मला सुचलं नव्हतं.

एकाने शंका काढली. त्याच्या आजोबांकडे एमटीएनएलची जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी होती म्हणे, तिच्यात तर अख्ख्या मुंबईची नावं, पत्ते, नंबर छापलेले असायचे. तेव्हा कसा नाही कुणाला त्रास झाला? शंका चांगली आहे. पण त्या डिरेक्टरीत तुमची इयत्ता नव्हती, वाढदिवस नव्हता. शिवाय फोन करायला माणसाला एकेक आकडा फिरवावा लागे आणि कॉलचे पैसे पडत. आता यादी संगणकात घातली की तोच एकामागून एक नंबर लावत सुटतो. आणि यादी एकदा तयार झाली की तिच्या कितीही नकला होतात, त्या एकाकडून दुसऱ्याकडे विकल्या जातात.

हे किती दूरवर जातं ते पाहा. बोरिवलीच्या पुढे दोन स्टेशनांवर मीरा रोड आहे. तिथल्या काही कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर 2016 मध्ये छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात. "आम्ही कर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल," अशी धमकी द्यायची. अमेरिकेतल्या एखाद्या आजींचा नंबर असा भारतात येतो कसा? त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने भारतातल्या अशाच कॉल सेंटरांवरचा खटला उघड केला. त्यात म्हटलं होतं की ही माहिती माहितीच्या दलालांकडूनही घेतलेली होती. दलाल घरांचे असतात, शेअर्सचे असतात, तसे माहितीचेही.

पण फोन करणारा प्रत्येक जण लबाड नसतो हं. मालाडच्या कॉल सेंटरांत काम करणारे कितीतरी दादा-ताई आपल्याच आसपास राहतात. आमच्या वर्गातल्या एकीची मावशी दिवसभर हेच काम करते आणि घसा बसवून घेते. म्हणून ओरडायचं नाही, चिडवायचं नाही. "नको, आणि हा नंबर यादीतून काढा," एवढं म्हणून फोन ठेवायचा. एक वीर म्हणाला, "बाई, मी तर त्यांच्याशी मस्त गप्पा मारतो! त्यांनी बाबा आहेत का विचारलं, मी सांगितलं, आठला येतात, आता मी आणि आजीच आहोत." वर्ग हसला. मी नाही हसले. घरात कोण आहे, कोण नाही, हे अनोळखी आवाजाला कध्धी सांगायचं नाही.

आता थोडं आईबाबांसाठी. 1909 वर फोन करून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर जाहिरातींचे फोन बंद करण्याची नोंद करता येते. तरीही फोन आला तर तिथेच तक्रार करायची. फेब्रुवारी 2025 च्या बदलानंतर त्यासाठी तीनऐवजी सात दिवस मिळतात. फोनचा नंबर, तारीख आणि काय बोलणं झालं, एवढं लिहून ठेवा. जाहिरातीच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारे नंबर आहेत, बँका-विमा कंपन्यांच्या कामाच्या फोनसाठी 1600 ने सुरू होणारे. साध्या दहा आकडी नंबरावरून कुणी काही विकत असेल तर तक्रार जरूर करा. मेख एकच आहे. तुम्ही स्वतः संमती दिलेली कंपनी डीएनडी असूनही फोन करू शकते, आणि ती संमती कुठे दडलेली असते ते वर सांगितलंच. दुकानातही बिल करताना मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्ये दुकानदारांना सांगितलं आहे. "नंबर देणार नाही," म्हणायला लाजू नका. मी म्हणते. पहिल्यांदा जड जातं, मागची रांगही बघत असते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी आईबाबांची खात्रीशीर संमती हवी, असं म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून पुढे 18 महिने दिले आहेत. तोवर वर्गाचं दार आम्हा शिक्षकांनाच सांभाळायचं आहे. या जूनमध्ये एक जण फुकट कंपासपेट्या घेऊन आला होता. मोठ्या बाईंनी त्याला फॉर्मसकट परत पाठवलं. पेट्या गेल्या म्हणून पोरं दोन दिवस माझ्यावर रुसली होती.

त्या आईला मी सगळं खरं सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो फॉर्म तुम्हीच भरून घेतलात?" मी हो म्हटलं. तिने तिथेच शाळेचा नंबर नावानिशी मोबाइलमध्ये घातला, 1909 वर नोंदही केली. फोन कमी झालेत, पण थांबलेले नाहीत. परवा एकाने विचारलं म्हणे, "मुलगा आता पाचवीत गेला ना?" आमच्या फॉर्मवर तर चौथी लिहिलं होतं. यादीवाल्यांनी त्याला आपणहून पुढच्या वर्गात घातलंय.