एक्स्टेन्शन कुणाच्या जिवावर?

नव्या पीएचपीवर जुने एक्स्टेन्शन चढवले की सर्व्हर काय सुनावतो, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे: मॉड्यूल २०१९०९०२ या एपीआय क्रमांकावर कंपाइल झालेय, पीएचपी २०२००९३० वर, दोन्ही जुळले पाहिजेत. पहिला आकडा ७.४ चा, दुसरा ८.० चा. अपग्रेड अडकते आणि ऑफिसात ओरड सुरू होते, "त्या माणसाने अजून रिलीज कशी काढली नाही?" या प्रश्नाची मला मनस्वी चीड येते. तो माणूस कोण, त्याला पगार कोण देतो, हे ओरडणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नसते.

पीएचपीची नवी आवृत्ती दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास येते. एक्स्टेन्शन सी भाषेत लिहिलेले असते आणि ते पीएचपीच्या आतल्या रचनांना थेट हात घालते. त्या रचना बदलल्या की ते पुन्हा बांधावे लागते, कधी कोडही बदलावा लागतो. लिनक्स, मॅक, विंडोज. त्यात थ्रेड-सेफ बिल्ड वेगळे आणि नॉन-थ्रेड-सेफ वेगळे. पेकल या एक्स्टेन्शनच्या भांडारावर रिलीज काढायची तर पॅकेज डॉट एक्सएमएलमध्ये एकेक फाइल नोंदवा, बदलांची यादी लिहा, टारबॉल चढवा. एक हेडर फाइल यादीतून सुटली तर ती टारबॉलमध्ये जातच नाही. मेंटेनरच्या मशीनवर सगळे सुरळीत चालते आणि बाकी जगात बिल्ड कोसळते. एवढा व्याप अनेक ठिकाणी एखाददुसरा माणूस नोकरी सांभाळून, रात्री जागून करतो.

चित्रे हाताळणाऱ्या इमॅजिक या एक्स्टेन्शनचेच घ्या. पीएचपी ८.० आली २६ नोव्हेंबर २०२० ला. तिच्यावर चालणारी इमॅजिकची पक्की रिलीज यायला २०२१ चे मध्य उजाडले. मधल्या काळात लोकांनी मेंटेनरला धारेवर धरले. मदतीला आले ते मोजकेच. आणि हे आपल्यापासून दूरचे प्रकरण नाही. पीएचपीसोबत येणाऱ्या जीडी या चित्रांच्या एक्स्टेन्शनने चित्रावर मराठी छापून पाहा: 'किशोर'मधली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते, 'प्रमाणपत्र'मधली जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसतात. कारण जीडी एकेक चिन्ह ओळीने मांडते, देवनागरीची जुळणी करत नाही. इमॅजिकच्या मुळाशी असलेले इमेजमॅजिक राक्म किंवा पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीसह बांधले असेल तर इमॅजिक तीच ओळ नीट लिहिते. शाळेची प्रमाणपत्रे आणि लग्नपत्रिका ऑनलाइन बनवून देणारा मराठी व्यावसायिक अशा एक्स्टेन्शनवर पोट भरतो. त्यातल्या कितींनी मेंटेनरला कधी एक रुपया पाठवला?

आता उलट उदाहरण. 'मराठी' या शब्दाची लांबी पीएचपीचे एसटीआरलेन हे फंक्शन १५ सांगते, एमबी-एसटीआरलेन ५ आणि ग्राफीम-एसटीआरलेन ३. वाचणाऱ्याच्या हिशेबाने बरोबर उत्तर तिसरे, आणि ते देते इंटल हे एक्स्टेन्शन. इंटलही आधी पेकलवरच होते. २००९ मध्ये ५.३ सोबत ते पीएचपीच्या गाभ्यात आले, तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीबरोबर त्याची चाचणी होते आणि नोव्हेंबरात त्याच्यासाठी कुणाला ताटकळावे लागत नाही. फरक मालकीचा आहे. गाभ्यातल्या कोडला धनी असतो.

म्हणूनच "पेकलला हलवले" हे शब्द मला खटकतात. २०१७ मध्ये ७.२ मधून एमक्रिप्ट हे क्रिप्टोग्राफीचे एक्स्टेन्शन बाहेर गेले. त्याची मूळ लायब्ररी २००७ पासून हललेली नव्हती. २०२४ मध्ये ८.४ मधून मेलसाठीचे आयमॅप गेले, त्याचीही लायब्ररी वर्षानुवर्षे बेवारस. गाभ्यातून काढायचा निर्णय बरोबरच होता. पण हलवले म्हटले की वापरणाऱ्याला वाटते, नव्या जागी कुणीतरी लक्ष देत असेल. तिथे जबाबदार माणूस नसेल तर ते हलवणे नव्हे, वाऱ्यावर सोडणे आहे. अशा वेळी "हे बंद झाले, पर्याय शोधा" असे स्वच्छ सांगावे. मेलेल्या क्रिप्टो लायब्ररीला पेकलचा पत्ता देऊन लोकांची आणखी काही वर्षे वाया घालवणे हा अपराध आहे.

२०२५ मध्ये पीएचपी फाउंडेशनने एक्स्टेन्शन बसवणारे पाय हे नवे साधन आणले. एक्स्टेन्शन आता पॅकेजिस्ट या पीएचपी पॅकेजांच्या भांडारावर नोंदवता येते, रिपॉझिटरीत टॅग लावला की आवृत्ती तयार, पॅकेज डॉट एक्सएमएलची कटकट संपली. हे काम फार आधी व्हायला हवे होते, तरी झाले ते उत्तमच. मात्र साधन रिलीज सोपी करते, मेंटेनर जन्माला घालत नाही. खुद्द फाउंडेशन २०२१ च्या नोव्हेंबरात उभे राहिले, तेही गाभ्याचे प्रमुख डेव्हलपर निकिता पोपोव जेटब्रेन्स ही कंपनी सोडताहेत हे कळल्यावर. एक माणूस बाजूला होतो म्हटल्यावर सगळ्यांना घाम फुटला. एक्स्टेन्शनच्या जगात अशी एकाच माणसावर उभी असलेली ठिकाणे कितीतरी आहेत.

पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांना माझे सांगणे आहे. सर्व्हरवर एक्स्टेन्शनची यादी देणारी पीएचपी डॅश एम ही आज्ञा चालवा आणि गाभ्याबाहेरच्या प्रत्येक एक्स्टेन्शनसमोर मेंटेनरचे नाव लिहा. तो देणगी घेत असेल तर दरमहा पाठवा आणि ती होस्टिंगसारखी खर्चात धरा. नव्या पीएचपीचे रिलीज कँडिडेट सप्टेंबरपासून येऊ लागतात. तेव्हा तुमचा एक डेव्हलपर आठवड्यातला एक दिवस फक्त बिल्ड तपासायला द्या, त्रुटी कळवू द्या, जमेल तिथे पॅच पाठवू द्या. हे करणार नसाल, तर नोव्हेंबरात रिलीज कुठे अडली हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही.