वर्ग आणि दफ्तर यांची फारकत नको

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावातून एखादी मुलगी पुण्याला इतिहासाचे एम.ए. करायला निघाली, की ‘त्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न घरातूनच सुरू होतो. जाणकारांचे आक्षेप वेगळे. मानव्यशाखांतले संशोधन बढतीपुरते असते, म्हणून प्राध्यापकांनी शिकवावे आणि संशोधन संस्थांवर सोपवावे, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी उपयोगाचे पाहू. 2023 मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी धुंडाळायची वेळ आली, तेव्हा सरकारला मोडी लिपी वाचणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, तिच्याखाली सलग अक्षरे लिहितात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला हे कळायला त्या काळची भाषा आणि वतनव्यवस्था ठाऊक असावी लागते. ही नजर ऐनवेळी भाड्याने मिळत नाही. ती वर्गात, वर्षानुवर्षे घडवावी लागते.

बढतीचा आक्षेप खरा आहे. यूजीसीने 2010 मध्ये प्रकाशनांना गुण लावले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. पण हा दोष मोजमापाचा आहे. तो मोजमाप बदलून जाईल, संशोधन काढून घेऊन नव्हे.

उरला संस्थांचा मुद्दा. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, उजेडात आणली लोकमान्य टिळकांनी, विद्यापीठाने नव्हे. ती 1916 साली छापली गेली, तेव्हा पुणे विद्यापीठ जन्मालाही आले नव्हते. सारे कबूल. पण तिच्यातली शिवजन्मतिथी, शके 1551 फाल्गुन वद्य 3, तेवढ्या एका कागदावर मान्य झाली नाही. तिला ‘शिवभारत’ या समकालीन काव्याचा आणि जोधपूरला मिळालेल्या जन्मपत्रिकेचा आधार मिळाला, तेव्हा 1627 हे रूढ साल मागे पडले. पुरावा असा पारखणे प्रत्येक पिढीला नव्याने शिकवावे लागते, आणि ते शिकवू शकतो तो स्वतः कागद हाताळणारा शिक्षकच. पुणे विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या अ. रा. कुलकर्णींनी याच शकावलीचे संपादन केले. अध्यापन आणि संशोधन एका माणसात सुखाने नांदतात, याला आणखी दाखला कशाला हवा?

म्हणून आमचे म्हणणे असे : एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातले एक मूळ साधन वाचून, तपासून विभागाला द्यावे. घरातला वतनाचा कागद, आजीच्या ओव्या किंवा भाटघर धरणाने उठवलेल्या गावांच्या आठवणी, काहीही चालेल. या कामाच्या मार्गदर्शनाचे तास प्राध्यापकाच्या अध्यापनात धरावेत. आणि बढती देताना, किती लेख छापले याआधी, कागद वाचू शकणारे किती विद्यार्थी घडवले, हे विचारावे.