घर आपले, जमीन कोणाची?

‘घर पाहावे बांधून’ असे वाडवडील सांगून गेले. आता आपण घर बांधत नाही, वीस वर्षांच्या हप्त्यांवर विकत घेतो. पण इमारतीखालची जमीन? कित्येक सोसायट्यांची ती अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. १९६३च्या ‘मोफा’ कायद्याने जमीन सोसायटीच्या नावे करून देण्याची, म्हणजे अभिहस्तांतरणाची, जबाबदारी बिल्डरवर टाकली. ती सर्रास टाळली गेली, म्हणून २००८मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले. बिल्डर सही करीत नसेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. तरीही आपण निवांत असतो आणि पुनर्विकासाची वेळ आली की हात बांधलेले आढळतात.

मला खटकते ते हे, की लग्नाच्या हॉलसाठी दहा ठिकाणी चौकशी करणारे आपण घराच्या करारनाम्यावर मात्र न वाचता सही करतो. कर्ज देताना बँकेचा वकील कागद तपासतो खरा. पण तो बँकेचे हित पाहतो, आपले नव्हे. छोट्या घरांच्या सोसायटीला वकिलाची फी जड वाटते. सर्वांनी वाटून घेतली तर ती पेलते. तेव्हा येत्या सभेत पार्किंगच्या वादाआधी एवढेच विचारा: सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे आहे?