सैन्यसेवा आणि दंतवैद्यकाचें उच्च शिक्षण

दंतवैद्य होऊं इच्छिणारे विद्यार्थी व त्यांचे पालक आम्हांस पुष्कळदां विचारतात, “बी. डी. एस. झाल्यावर सैन्यांत शिरलें, तर एम. डी. एस. तेथेंच पदरांत पडेल ना?” प्रश्न व्यवहाराचा आहे. उमेदवारी धरून पहिल्या पदवीस निदान ५ वर्षें लागतात व विशेष शिक्षणास आणखी ३. एवढ्या काळाचा खर्च मध्यम स्थितींतील कुटुंबास जड जातो, हें आम्ही जाणतों. तथापि हा प्रश्न विचारण्याची रीतच आम्हांस किंचित् चुकीची वाटते.

आपलें आर्मी डेंटल कोअर पदवीधरांस अल्पमुदतीच्या सेवेंत कॅप्टनच्या हुद्द्यावर घेतें. ही मुदत प्रथम ५ वर्षांची असून ती १४ वर्षांपर्यंत वाढूं शकते. कायम सेवेसाठीं निराळी निवड होते. उच्च शिक्षणाची संधि तेथें आहे खरी; परंतु जागा थोड्या, आणि निवड करतांना सैन्याची गरज प्रथम पाहिली जाते. ज्यास जबड्याची शस्त्रक्रिया शिकावयाची हौस आहे, त्यास एखाद्या दूरच्या छावणींत कित्येक वर्षें जवानांचे दांत भरण्याचें व काढण्याचेंच काम करावें लागेल. हें काम जो केवळ शिक्षणाची किंमत म्हणून करील, त्याचे दिवस कुरकुरींत जातील; आणि त्याच्या खुर्चीवर बसणाऱ्या जवानासही तें कळल्यावांचून राहणार नाहीं.

या संबंधांत वराझ्टाड काझांजियन यांचें चरित्र मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. हे जातीनें आर्मेनियन. अमेरिकेंत येऊन त्यांनीं प्रथम वूस्टर येथील तारेच्या कारखान्यांत मजुरी केली व १९०५ सालीं हार्वर्ड येथें दंतवैद्यकाची पदवी मिळविली. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, ते हार्वर्डच्या पथकाबरोबर फ्रान्समधील ब्रिटिश लष्करी रुग्णालयांत गेले. बोली केवळ तीन महिन्यांची होती. पण गोळ्यांनीं चेहरे छिन्नभिन्न झालेले सैनिक पाहून ते तेथेंच राहिले, आणि १९१९ सालीं परतले. हजारों जखमींचे जबडे त्यांनीं तारेच्या व रबराच्या आधारांनीं सांधले. कारखान्यांत तारेला सरावलेले हात असे कामीं आले! परतल्यावर, चाळिशी उलटली असतां, त्यांनीं पुनः विद्यार्थी होऊन १९२१ सालीं वैद्यकाची पदवी घेतली; व १९४१ सालीं ते हार्वर्ड येथें प्लास्टिक सर्जरीचे प्राध्यापक झाले. ते विशेषज्ञ झाले ते सैन्यांतील कामामुळें. परंतु विशेषज्ञ होण्यासाठीं ते सैन्यांत गेले नव्हते.

प्रत्येकानें काझांजियन व्हावें, असें आमचें म्हणणें नाहीं. खर्चाचा विचार करणें हें पापही नव्हे. आमचें सांगणें इतकेंच कीं, निर्णय घेण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें स्वतःस एक प्रश्न विचारावा: “मला एम. डी. एस.ची जागा कधींच मिळाली नाहीं, तरी या सेवेंत मी समाधानानें राहीन काय?” उत्तर होकारार्थी असेल तर त्यानें निःशंक जावें, आणि पालकांनीं त्यास आनंदानें निरोप द्यावा. उत्तर नकारार्थी असेल तर दुसरी वाट धरावी. तींत कमीपणा कांहीं नाहीं. मात्र घरच्या अडचणीपोटीं मुलाच्या वतीनें हें उत्तर पालकांनींच देऊन टाकूं नये, एवढी आमची त्यांस विनंति आहे.