बाटलीत ज्वारी किती, भाव कोणाच्या हाती?



2023 साली दोन गोष्टी घडल्या. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि दिल्लीत आपल्या ज्वारीचे नाव 'श्रीअन्न' झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने एक अभ्यासगट नेमला. ज्वारीच्या भावासाठी नव्हे. बिअरचा कर कमी करून खप वाढवता येईल काय, हे पाहण्यासाठी! ज्वारीला नाव आणि बिअरला अभ्यासगट, हा सरकारचा न्याय.

आता कोणी शहाणा म्हणेल, 'अरे, बिअर ज्वारीचीही होते. कारखाने येऊ द्या, भाव आपोआप मिळेल.' ही भाषा आपण 2007 सालीही ऐकली. तेव्हा राज्य सरकारने ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे 10 रुपये अनुदान देऊ केले. नाव शेतकऱ्याचे, अनुदान कारखानदाराला. पावसाने काळी पडलेली ज्वारी कोणत्या भावाने घेणार, याची लेखी हमी मात्र कोणी दिली नाही.

गावात बाटली उभी ठेवायची की आडवी, हे आमच्या बहिणी मतदानाने ठरवतात. तो त्यांचा हक्क आहे. आमचा सवाल बाटलीतल्या दाण्याचा आहे.

हिशेब करा. बिअरची मोठी बाटली 650 मिलिलिटरची. तिच्यात धान्य जाते साधारण 100 ग्रॅम. 2024-25 चा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3371 रुपये. म्हणजे सगळी बाटली ज्वारीची केली, तरी दाण्याचे होतात 3 रुपये 37 पैसे. बाटली विकते दीडशेच्या पुढे. लहान बाटली 330 मिलिलिटरची, तिच्यात धान्य 50 ग्रॅम. बाटली मोठी असो की लहान, काच, झाकण, जाहिरात, दुकानदार आणि सरकारचा कर यांचा वाटा ठरलेला. ज्वारीचा भाव दुप्पट केला तरी बाटली साडेतीन रुपयांनीसुद्धा महागत नाही. मग 'भाव वाढवला तर धंदा बुडेल' हे रडगाणे कशासाठी?

दुसरे रडगाणे, 'ज्वारीची बिअर जमत नाही.' बिअरचा मूळ दाणा जव. तो भिजवायचा, मोड आणायचे, भट्टीवर वाळवायचा. मोड येताना दाण्यात स्टार्चची साखर करणारे पाचक रस तयार होतात. ज्वारीत हे रस कमी, तिचा स्टार्च शिजायला जास्त उष्णता लागते आणि जवासारखे टरफल नसल्याने गाळणे अवघड. हे खरे आहे. पण नायजेरियात काय झाले? तेलाचा भाव कोसळला, परकीय चलन आटले आणि 1988 साली तिथल्या सरकारने जवाचा माल्ट आणायला बंदी केली. मोठमोठ्या कंपन्या मुकाट्याने ज्वारी आणि मक्यावर आल्या. ज्वारी आधी शिजवली, पाचक रस विकत आणून घातले, गाळण्याची यंत्रे बदलली. पुढे बंदी उठली तरी ज्वारी पुरती गेली नाही. जमत नाही ते गरज पडली की जमते.

पण भावांनो, एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. केनियाची गोष्ट ऐका. 2004 साली तिथे 'सेनेटर' नावाची स्वस्त बिअर निघाली. बाटलीचा खर्च वाचावा म्हणून ती पिंपातून, मगाने विकली जाई. गरीब माणूस विषारी हातभट्टीकडे जाऊ नये म्हणून सरकारने कर माफ केला. पुढे कंपनीने त्यासाठी ज्वारी घेणे सुरू केले. कमी पावसाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी करार केले आणि 'गदम' नावाचे लवकर येणारे वाण पेरले. 2013 साली सरकारने निम्मा कर पुन्हा लावला. खप कोसळला, कंपनीने खरेदी आखडली. पोती शेतकऱ्याच्या घरात पडून राहिली. 2015 साली सवलत परत आली. पण मधल्या हंगामांचे नुकसान कोणी भरून दिले? पेरणारा शेतकरी, पीक तयार झाल्यावर खेळाचे नियम बदलणारे सरकार. आपल्याकडे 2012 साली ऐन हंगामात कापसाची निर्यात रोखली, त्याच जातीचा हा खेळ.

आणखी एक पक्के लक्षात ठेवा. मोड आणायला दाणा जिवंत लागतो. बुरशी धरलेल्या काळ्या ज्वारीचा माल्ट होत नाही. तेव्हा 'तुमची काळी ज्वारी बिअरला खपवतो' म्हणणारा पुढारी एक तर अडाणी आहे, नाही तर लबाड.

म्हणून आपली मागणी साधी आहे. ज्याला ज्वारी हवी त्याने पेरणीआधी लेखी करार करावा. त्यात भाव, वजन, ओलाव्याची मर्यादा आणि पैसे देण्याची तारीख असावी. उभ्या पिकावर कर किंवा बंदी बदलली, तर करारातल्या भावातली तूट सरकारने भरावी. अनुदान द्यायचेच तर ते ज्वारीच्या पावतीवर शेतकऱ्याला द्यावे. आणि मोड आणून वाळवण्याची भट्टी शेतकऱ्यांच्या गटाला काढू द्यावी. नाचणीला मोड आणून सत्त्व करणे आपल्या घरातल्या बायांना शिकवावे लागत नाही. तसा ज्वारीचा माल्ट लेकरांच्या खाऊला जाईल की बिअरला, हे तो करणारा गट ठरवील.

पुढाऱ्यांनो, बिअरला अभ्यासगट नेमलात. आता ज्वारीच्या 3 रुपये 37 पैशांचा हिशेब द्या. तो मिळेपर्यंत आमच्या बांधावर 'श्रीअन्न' म्हणत येऊ नका.