घरबसल्या धंदा चालतो, पण वेळेचा हिशेब कोण ठेवतो?

‘फावल्या वेळात चार पैसे सुटतात.’ घरातून केक, दिवाळीचा फराळ, क्रोशाची खेळणी किंवा ब्लाउजवरचे आरीकाम करून देणाऱ्यांबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येते. मीरा-भाईंदरमधील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशा जाहिराती रोज पडतात. पण हे काम खरेच फावल्या वेळात होते का? होत नाही, असे माझे मत आहे. हा वेळ झोपेतून, विश्रांतीतून आणि छंदातून काढलेला असतो. वस्तूच्या किमतीत मात्र तो कुठेच धरलेला नसतो.

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा का?

या शहराची नगरपरिषद १९८५ मध्ये झाली आणि महापालिका २००२ मध्ये. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. घरे इथे, पण नोकऱ्या मात्र अंधेरी, दादर, चर्चगेटला. भाईंदर ते चर्चगेट हे अंतर चाळीस किलोमीटरहून अधिक आहे. घर ते ऑफिस आणि परत, यात दिवसाचे तीनेक तास सहज जातात. घरात लहान मूल किंवा आजारी सासू असेल तर हे गणित बसत नाही आणि मग घरातूनच काहीतरी सुरू होते. म्हणजे अनेकींसाठी घरचा धंदा ही हौस नसून प्रवासाच्या गणितावर काढलेला तोडगा आहे.

तसे घरकाम आणि धंदा एकत्र चालणे या भागाला नवे नाही. उत्तनच्या कोळीवाड्यात मासळी वाळवणे, निवडणे आणि विकणे हे स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घर सांभाळूनच करत आल्या आहेत. नवीन आहे तो मोबाइल. त्याच्यामुळे गिऱ्हाईक रात्री अकरा वाजताही दारात उभे असते.

दिवस नेमका कुठे जातो?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटे निघाला, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. म्हणजे धंद्याची पहिली ऑर्डर हातात घेण्याआधीच पावणेपाच तास खर्ची पडलेले असतात.

उरलेला वेळही सलग मिळत नाही. इंजिनिअरिंगला ‘सेटअप टाइम’ शिकवतात. एका कामावरून दुसऱ्या कामावर यंत्र वळवताना जो वेळ उत्पादनाविना जातो, तो हा. कारखान्यात तो कमी करण्यासाठी माणसे नेमतात. घरात मात्र क्रीम फेटताना कुकरची शिट्टी, मग कुरिअरवाल्याची बेल, मग मुलाचा गृहपाठ, मग ‘ताई, फोटो पाठवा ना’ असा मेसेज. प्रत्येक वेळी हात धुवायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. दिवस चोवीस तासांचाच असतो, पण त्याचे तुकडे इतके पडतात की एकही तुकडा पुरत नाही.

पन्नास रुपयांच्या सवलतीची किंमत किती?

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. अर्ध्या किलोचा केक ५०० रुपयांना विकला. साहित्य, खोका, गॅस आणि वीज मिळून २९० रुपये गेले. हातात उरले २१०. आता वेळ मोजू. तयारी आणि भाजणे ६० मिनिटे, सजावट ४०, भांडी आणि ओटा २५, मेसेज आणि फोटो २५, पोहोचवणे ३०. एकूण तीन तास. म्हणजे तासाला ७० रुपये.

गिऱ्हाईक म्हणते, ‘शेजारचेच आहोत, पन्नास कमी करा.’ त्याच्या दृष्टीने ही दहा टक्के सवलत. पण साहित्याचा खर्च तर तेवढाच राहतो, त्यामुळे कपात थेट मजुरीतून होते. २१० चे १६० होतात, म्हणजे जवळजवळ पाव मजुरी गेली. हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि वेळ कुठे लिहून ठेवलेला नसल्याने विकणारीलाही कळत नाही.

नोंदणीने काय मिळते?

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची नोंदणी बंधनकारक आहे. २०११ च्या नियमावलीनुसार १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्यांसाठी मूलभूत नोंदणी पुरेशी असून तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले गेले. हे जरूर करावे, कारण कर्ज मागताना किंवा मोठी ऑर्डर घेताना कागद लागतो. पण यातला कोणताही कागद ‘आज किती तास काम केले’ असे विचारत नाही.

गिरणी कामगारांसाठी तो प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी विचारला. त्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली. घरच्या धंद्यात मालक आणि मजूर एकच, त्यामुळे सुटी मागायची कोणाकडे? उलट रविवारी ऑर्डरी जास्त असतात.

मग मार्ग काय?

लिज्जत पापडचा दाखला नेहमी जिद्दीसाठी दिला जातो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, ही कथा सर्वांना माहीत आहे. मला त्यातली कामाची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. पीठ केंद्रावर मळले जाते, प्रत्येक बहीण ठरावीक पीठ घरी नेते, पापड लाटून परत देते आणि वजनावर मजुरी घेते. पीठ संपले की काम संपले. काम घरातच होते, पण त्याला शेवट असतो.

एकटीने धंदा करणाऱ्यांनीही हा शेवट स्वतः ठरवावा. आठवडाभर कामाचे तास वहीत लिहा, तासाचा दर ठरवा आणि किंमत त्यावरून काढा. ऑर्डर घेण्याची वेळ जाहीर करा, आठवड्याची एक सुटीही जाहीर करा. अशाने काही गिऱ्हाइके जातील, ही भीती खरी आहे. पण तासाला पन्नास-साठ रुपयांवर टिकणारे गिऱ्हाईक जपून धंदा वाढत नाही, फक्त थकवा वाढतो.

जबाबदारी घरातल्यांचीही आहे. ८८ आणि २८९ या आकड्यांतली दरी घरातच भरायची आहे. ‘तिला आवड आहे’ असे म्हणून भांडी तिच्यावर सोडणे म्हणजे धंद्याचा सगळ्यात मोठा खर्च फुकटात वसूल करणे होय.

आणि छंदाचे काय? जो छंद विकायला काढला त्याला तारीख, माप आणि गिऱ्हाइकाची पसंती चिकटते. त्यात वाईट काही नाही, पण मग तो छंद राहत नाही, काम होते. म्हणून निदान एक गोष्ट तरी विकायला काढू नये. रांगोळी असो, पेटी असो की कुंडीतला मोगरा, कोणी ‘याचे पैसे का नाही घेत?’ असे विचारले तर ‘हे माझे आहे’ एवढे उत्तर पुरेसे असावे.